स्वादुपिंडाच्या शिरा आणि हातातला रिपोर्ट

पोटाच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की घरच्यांची नजर दोन गोष्टी शोधते: सूज किती आहे आणि गाठ आहे का. आजार स्वादुपिंडाचा असेल तर पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. साखर वाढणार का, खायचं काय, ऑपरेशन लागेल का? हे प्रश्न रास्तच आहेत. पण त्याच रिपोर्टच्या मधल्या परिच्छेदात ‘स्प्लेनिक व्हेन थ्रॉम्बोसिस’ किंवा ‘एसएमव्हीला चिकटलेली’ अशी एखादी ओळ असते आणि तिच्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. स्वादुपिंडाच्या रुग्णांशी आणि त्यांच्या नातेवाइकांशी बोलताना मला सतत वाटतं, की आधी बोट ठेवावं ते या ओळीवर. रक्ताची उलटी होण्याचा धोका आहे का, गाठ काढता येईल का, रक्त पातळ करणारं औषध सुरू करायचं का, या सगळ्यांची उत्तरं स्वादुपिंडातून रक्त वाहून नेणाऱ्या शिरांच्या अवस्थेवर अवलंबून असतात. म्हणून हा लेख त्या शिरांबद्दल आहे. तो वाचून तुम्ही स्वतः उपचार ठरवावेत असं मुळीच नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, ते कळावं एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी जागा समजून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण 15 सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. उजवीकडचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, म्हणजे ड्युओडेनमच्या कुशीत बसलेलं असतं. त्याच्या डावीकडे अरुंद मान, मग धड आणि शेवटी शेपूट. ही शेपूट डाव्या बरगड्यांखाली प्लीहेपर्यंत, म्हणजे खेड्यात जिला पाणथरी म्हणतात तिच्यापर्यंत पोचते. स्वादुपिंडाचा आजार पोटात मधोमध दुखतो आणि पाठीत जातो, त्याचं कारण हीच खोल जागा.

मूत्रपिंडाची जशी एक ठळक शीर असते, तशी स्वादुपिंडाची स्वतःची एकच मोठी शीर नसते. अनेक बारीक, नाजूक शिरा जवळून जाणाऱ्या मोठ्या शिरांमध्ये उघडतात. धड आणि शेपटीतलं रक्त स्प्लेनिक व्हेनमध्ये जातं. ही शीर प्लीहेतून निघते आणि स्वादुपिंडाच्या पाठीला अगदी चिकटून डावीकडून उजवीकडे येते. वाटेत स्वादुपिंडाच्या कितीतरी छोट्या शाखा तिला मिळतात. ही जवळीक लक्षात ठेवा, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी तिच्यातूनच निघतात.

डोक्याकडची व्यवस्था अधिक गुंतागुंतीची आहे. तिथे स्वादुपिंड आणि ड्युओडेनम यांच्या शिरा सामाईक आहेत. पुढून आणि मागून, वर आणि खाली अशा त्यांच्या कमानी असतात. मागची वरची शीर बहुधा थेट पोर्टल व्हेनमध्ये उघडते. पुढची वरची शीर जठराच्या आणि मोठ्या आतड्याच्या शिरांबरोबर एका आखूड खोडात मिळते आणि ते खोड सुपीरियर मेसेंटेरिक व्हेनला जातं. या खोडाचं पहिलं वर्णन जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी 1868 मध्ये केलं. मूत्रपिंडातल्या ‘लूप ऑफ हेन्ले’मुळे ज्यांचं नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं, तेच हे. खालच्या शिरा सुपीरियर मेसेंटेरिक व्हेनमध्ये किंवा तिला मिळणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या शाखेत जातात. माणसागणिक यात फरक असतो, म्हणून अनुभवी सर्जन ऑपरेशनच्या आधी सीटीची प्रत्येक चकती स्वतः पाहतात.

सुपीरियर मेसेंटेरिक व्हेन हे लांबलचक नाव रिपोर्टमध्ये ‘एसएमव्ही’ असं येतं. लहान आतड्याचं सगळं आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचं रक्त ती वर आणते. स्वादुपिंडाच्या मानेच्या बरोबर मागे एसएमव्ही आणि स्प्लेनिक व्हेन एकमेकींना भेटतात आणि तिथून पोर्टल व्हेन सुरू होते. जेमतेम आठ सेंटिमीटर लांबीची ही शीर यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त या एकाच वाटेने येतं. स्वादुपिंडाचा डोक्याकडचा एक छोटा भाग वळून एसएमव्हीच्या मागेही जातो. त्यामुळे या ठिकाणी ही शीर स्वादुपिंडाच्या जणू मिठीत असते. इथे सूज आली किंवा गाठ वाढली, की तिचा शिरेशी संबंध येण्यासाठी काही मिलिमीटर पुरतात.

स्वादुपिंडाचं रक्त सरळ हृदयाकडे न जाता आधी यकृतात का जातं, याचं एक कारण इन्सुलिन आहे. जेवल्यावर स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं ते याच शिरांमधून पोर्टल व्हेनमध्ये येतं, आणि साखर साठवायची की सोडायची हा हुकूम सर्वांत आधी यकृताला मिळतो. पहिल्याच फेरीत यकृत त्यातलं जवळजवळ निम्मं इन्सुलिन वापरून आणि मोडून टाकतं. उरलेलं बाकीच्या शरीराला जातं. त्वचेखाली टोचलेलं इन्सुलिन मात्र आधी सगळ्या शरीरात फिरतं आणि मग यकृताकडे पोचतं. इंजेक्शनने साखर उत्तम सांभाळता येते, पण नैसर्गिक व्यवस्थेची हुबेहूब नक्कल होत नाही, ती यामुळे.

मधुमेहाच्या रुग्णांना सी-पेप्टाइडची तपासणी सांगितली जाते तीही इथेच येऊन मिळते. इन्सुलिन तयार होताना त्याच्याबरोबर तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं आणि यकृत ते जवळपास अडवत नाही. त्यामुळे स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतं आहे, याचा अंदाज रक्तातल्या इन्सुलिनपेक्षा सी-पेप्टाइडवरून चांगला येतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, म्हणून इंजेक्शन चालू असतानाही ही तपासणी उपयोगी पडते. फक्त तुमची मूत्रपिंडं कमकुवत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. सी-पेप्टाइड शरीराबाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडांचं असल्याने तो आकडा फसवा वाढलेला दिसू शकतो.

या रचनेची दुसरी बाजू दुःखद आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात शिरल्या तर त्यांनाही हीच वाट मिळते, आणि पहिला मुक्काम यकृत असतो. स्वादुपिंडात गाठ दिसली की डॉक्टर यकृताचा कानाकोपरा तपासतात, कधी वेगळा एमआरआयही सांगतात, तो यासाठी. तो खर्च वायफळ नाही.

शिरेत गुठळी झाली तर

स्वादुपिंडाला सूज येते तेव्हा, मग ती पित्ताच्या खड्यांमुळे असो, दारूमुळे असो की रक्तातली ट्रायग्लिसराइड्स बेसुमार वाढल्यामुळे असो, त्याच्या पाठीला चिकटलेली स्प्लेनिक व्हेन त्या दाहातून सुटत नाही. शिरेचं अस्तर सुजतं, बाहेरून दाब येतो, रक्त संथ होतं आणि गुठळी धरते. वारंवार सूज येऊन स्वादुपिंड कडक झालेलं असेल, शेजारी पाण्याची गाठ म्हणजे सिस्ट झाली असेल, तर ही शक्यता वाढते. यालाच रिपोर्टमध्ये ‘स्प्लेनिक व्हेन थ्रॉम्बोसिस’ म्हणतात. बहुतेकांना ती झाल्याचं कळतही नाही. दुखणं स्वादुपिंडाचंच वाटतं आणि गुठळी स्कॅनमध्ये अवचित सापडते.

पाटाचं तोंड गाळाने बुजलं की पाणी थांबत नाही, बांधाच्या कडेने, उंदरांच्या बिळांतून, मिळेल त्या फटीतून वाट काढतं. प्लीहेचं रक्त तसंच करतं. नेहमीची शीर बंद झाली, की ते जठराच्या वरच्या भागातल्या आखूड शिरांतून आणि जठराच्या कडेच्या शिरांतून फिरून पोर्टल व्हेनपर्यंत पोचतं. या आडवाटांना रिपोर्टमध्ये ‘कोलॅटरल्स’ म्हणतात. शरीराने केलेली ही सोय चांगलीच आहे. प्रश्न असा, की जठराच्या शिरा एवढ्या रक्तासाठी बनलेल्या नसतात. त्या फुगतात, जठराच्या आतल्या अस्तराखाली गाठीगाठीने वर येतात. यांना ‘गॅस्ट्रिक व्हॅरिसेस’ म्हणतात. त्यांतली एखादी फुटली तर रक्तस्राव मोठा असतो.

इथे एक गोंधळ होतो आणि तो फार त्रासदायक ठरतो. फुगलेल्या शिरा, वाढलेली प्लीहा, कमी झालेल्या प्लेटलेट्स हे शब्द एकत्र दिसले की ‘लिव्हर खराब झालं’ असा निष्कर्ष शेजारीपाजारी, कधी तर तपासणाऱ्यांकडूनही काढला जातो. रुग्ण दारू पिणारा असेल तर विचारायलाच नको. सिरॉसिसमध्ये संपूर्ण पोर्टल व्यवस्थेत दाब वाढतो आणि शिरा मुख्यतः अन्ननलिकेत फुगतात. स्प्लेनिक व्हेन बंद झाल्यावर दाब फक्त डाव्या अर्ध्या भागात वाढतो. यकृत पूर्ण निरोगी असू शकतं. शिरा बहुधा फक्त जठराच्या वरच्या भागात असतात. डॉक्टर याला डाव्या बाजूचं पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात आणि त्याचे उपचार सिरॉसिसपेक्षा वेगळे असतात, शिवाय पुष्कळदा सोपेही. म्हणून एंडोस्कोपीत ‘फक्त जठरात व्हॅरिसेस, अन्ननलिका साफ’ असं आलं आणि यकृताच्या तपासण्या ठीक असतील, तर थेट विचारा: स्प्लेनिक व्हेन पाहिली का? मला वाटतं, हा एक प्रश्न कितीतरी लोकांच्या माथ्यावरचा ‘लिव्हरचा पेशंट’ हा शिक्का पुसू शकेल.

गुठळी आहे असं कळल्यावर पहिला प्रश्न असतो, ती कोणत्या शिरेत आहे. एकट्या स्प्लेनिक व्हेनमधली गुठळी आणि एसएमव्ही किंवा पोर्टल व्हेनपर्यंत गेलेली गुठळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसएमव्ही आतड्याचं रक्त नेते. ती अचानक आणि पूर्ण बंद झाली तर आतड्यात रक्त तुंबतं, आतडं सुजतं आणि वेळेत उपचार न झाल्यास त्याचा भाग निकामी होऊ शकतो. पोर्टल व्हेनमधली ताजी गुठळीही तशीच गांभीर्याने घ्यावी लागते. अशा वेळी रक्त पातळ करणारी औषधं सहसा सुरू केली जातात आणि काही महिने चालतात. एकट्या स्प्लेनिक व्हेनमध्ये गुठळी असेल, विशेषतः ती जुनी असेल, तर ही औषधं द्यावीत की नाही यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. एका डॉक्टरने दिली आणि दुसऱ्याने थांबवली, तर कुणीतरी चूक केली असं लगेच धरून चालू नका. जठरातल्या शिरा किती फुगल्या आहेत, सिस्टमध्ये रक्त येण्याची भीती आहे का, गुठळी सरकते आहे का, हे तोलून तो निर्णय होतो. ते कारण मात्र समजून घ्या आणि फाईलमध्ये लिहून घ्या.

दुसरा प्रश्न, गुठळी नवी की जुनी. पूर्वीचा स्कॅन असेल तर उत्तर सोपं होतं. आजूबाजूला जाड कोलॅटरल्स तयार झाल्या असतील तर ती बहुधा जुनी असते. पोर्टल व्हेनच्या जागी बारीक शिरांचं जाळं दिसलं तर ‘कॅव्हर्नस ट्रान्सफॉर्मेशन’ असं लिहिलेलं असतं, तेही जुन्या अडथळ्याचं लक्षण. ‘पेटंट’ हा शब्द वाचून घाबरू नका. शीर पेटंट आहे म्हणजे मोकळी आहे, आणि ती ओळ आनंदाने वाचायची असते. ‘अटेन्युएटेड’ म्हणजे दबून बारीक झालेली, पण बंद नाही.

तिसरा प्रश्न, एंडोस्कोपी करायची का. जठरात शिरा फुगल्या आहेत का हे आतून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. ज्यांना एकदाही रक्तस्राव झालेला नाही, त्यांना पुष्कळदा काहीही करावं लागत नाही. स्प्लेनिक व्हेन बंद असलेल्या बहुतेक लोकांना कधीच रक्तस्राव होत नाही, हे लक्षात असू द्या. लक्ष ठेवायचं, स्वादुपिंडाचा मूळ आजार आटोक्यात आणायचा आणि धोक्याची चिन्हं घरात सगळ्यांना माहीत असायला हवीत.

ती चिन्हं अशी. लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारख्या रंगाची उलटी. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच. त्याबरोबर चक्कर, घाम, हातपाय गार पडणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका आणि घराजवळच्या दवाखान्यात सलाईन लावून वेळ काढू नका. जिथे रात्री-अपरात्री एंडोस्कोपी होते आणि रक्तपेढी जवळ आहे, असं रुग्णालय आधीच शोधून ठेवा. गावाकडे राहत असाल तर अंतर आणि गाडी यांचाही विचार आजच करा. दारात पोचल्यावर पहिलं वाक्य ‘पेशंटची स्प्लेनिक व्हेन बंद आहे, जठरात व्हॅरिसेस आहेत’ हे असू दे. त्या एका वाक्यामुळे समोरच्या डॉक्टरांचे सुरुवातीचे निर्णय बदलतात. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर तेही सांगा, पण स्वतःच ‘गोळ्यांमुळे असेल’ असं समजून घरी थांबू नका.

दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून घेणं या रुग्णांनी बंदच करावं. त्या जठराच्या अस्तराला इजा करतात आणि रक्तस्रावाला निमित्त मिळतं. स्वादुपिंडाचं दुखणं खरोखर भयंकर असतं, ते सहन करा असं मी म्हणत नाही. पण त्यावरची औषधं डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

जठरातली शीर फुटलीच तर एंडोस्कोपीतून तिच्यात एक प्रकारचा वैद्यकीय गोंद टोचून ती बंद करता येते. वारंवार रक्तस्राव होत असेल तर मुळावर घाव घालता येतो. प्लीहा काढून टाकली, की त्या आडवाटांवर येणारं जादा रक्तच थांबतं. पूर्ण सिरॉसिसमध्ये जे एवढ्या सहज साधत नाही ते इथे एका शस्त्रक्रियेने साधतं. ऑपरेशन झेपणार नसेल तर प्लीहेला रक्त नेणारी धमनी कॅथेटरने आतून बंद करतात.

प्लीहा काढायचं ठरलं तर लसींचा विषय तुम्ही स्वतः काढा. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंपासून प्लीहा आपलं मोठं रक्षण करते. ती नसेल तर या जंतूंचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. ऑपरेशन ठरवून होणार असेल तर लसी निदान दोन आठवडे आधी द्याव्यात. तातडीने करावं लागलं तर साधारण दोन आठवड्यांनी. त्यापुढे आयुष्यभर, ताप आणि थंडी आली की क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि ‘मला प्लीहा नाही’ हे सांगायचं. पाकिटात तशी चिठ्ठी ठेवलेली उत्तम, कारण बेशुद्ध माणसाला सांगता येत नाही.

तपासणी नीट होण्यासाठी

सोनोग्राफीत ‘स्वादुपिंड गॅसमुळे नीट दिसलं नाही’ हे वाक्य फार वेळा येतं. जठर आणि आतड्यातली हवा मधे येते आणि मागचं काही दिसत नाही. सहा तास उपाशी राहून सकाळी लवकर गेलात तर शक्यता सुधारते. डॉपलर सोनोग्राफीत शिरांमधला प्रवाह दिसतो. पोर्टल व्हेनसाठी ती छान आहे आणि किरणोत्सर्गही नाही. पण स्वादुपिंडामागची स्प्लेनिक व्हेन तिला अर्धवटच सापडते. म्हणून सोनोग्राफीत शीर दिसली नाही याचा अर्थ ती ठीक आहे असा घेऊ नका.

खरी माहिती मिळते ती शिरेतून औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, देऊन केलेल्या सीटीत, आणि त्यातही वेळेला महत्त्व आहे. औषध टोचल्यावर साधारण 40 सेकंदांनी स्वादुपिंड उजळतं आणि गाठ वेगळी उठून दिसते. सत्तरएक सेकंदांनी पोर्टल व्हेन आणि तिच्या शाखा भरतात. दोन्ही टप्पे घेतलेल्या तपासणीला ‘पॅन्क्रियाज प्रोटोकॉल’ म्हणतात. पोटाच्या साध्या सीटीत पुष्कळदा एकच टप्पा असतो. स्वादुपिंडाच्या गाठीचा संशय असेल तर चिठ्ठीवर हे शब्द आहेत का ते पाहा. नाहीतर पुन्हा पैसे, पुन्हा औषध, पुन्हा क्ष-किरण. जाण्याआधी क्रिएटिनिनची तपासणी हवी. पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल तर ते सांगायला हवं. मूत्रपिंड कमकुवत असताना मेटफॉर्मिन चालू असेल, तर ती कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची हे विचारून घ्या.

आणि सीडी किंवा पेनड्राइव्ह सांभाळा. फक्त टाइप केलेला कागद घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलेल्यांना नवा स्कॅन करावा लागतो. स्वादुपिंडाच्या बाबतीत सर्जन कागदावर नाही, चित्रांवर निर्णय घेतात. गेल्या वर्षीचा जुना स्कॅनही टाकून देऊ नका, शिरेतला फरक त्याच्याशी ताडूनच समजतो.

गाठ आणि शीर

स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या कर्करोगावर जी मोठी शस्त्रक्रिया होते, तिला व्हिपल ऑपरेशन म्हणतात. इटलीत कोदिव्हिला यांनी 1898 मध्ये तसा प्रयत्न केला. बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांनी 1909 मध्ये ती टप्प्याटप्प्याने यशस्वी केली आणि 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांच्या लेखानंतर ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे कित्येक दशकं एक नियम जवळपास सर्वत्र पाळला गेला: गाठ पोर्टल व्हेनला किंवा एसएमव्हीला चिकटलेली असेल तर पोट उघडायचं, पाहायचं आणि बंद करायचं. आज तो नियम राहिलेला नाही, आणि ही गोष्ट मला प्रत्येक घरापर्यंत पोचवावीशी वाटते. ‘शिरेला लागलंय’ एवढं ऐकून लोक रुग्णाला घरी घेऊन जातात आणि झाडपाल्याच्या मागे लागतात. पण गाठ शिरेला लागली आहे म्हणजे सगळं संपलं, असा अर्थ होत नाही.

रिपोर्टमध्ये पाहायचं ते हे. गाठ शिरेच्या घेरापैकी किती भागाला टेकली आहे? 180 अंश किंवा कमी असेल तर ‘अबटमेंट’, जास्त असेल तर ‘एन्केसमेंट’ असं लिहितात. शीर गुळगुळीत आहे की तिचा आकार बिघडला आहे? आत गुठळी आहे का? आणि जवळच्या धमन्या मोकळ्या आहेत का? शीर अजिबात लागलेली नसेल, किंवा थोडी टेकलेली पण गुळगुळीत असेल, तर गाठ काढण्याजोगी मानतात. घेराचा मोठा भाग वेढलेला असेल किंवा शीर वेडीवाकडी झाली असेल, पण खराब तुकड्याच्या वर आणि खाली चांगली शीर उरलेली असेल, तर ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात. अशा रुग्णाला बहुधा आधी केमोथेरपी देतात, पुन्हा स्कॅन करतात आणि मग शिरेचा तो तुकडा गाठीबरोबर कापून टोकं जोडतात किंवा दुसरी शीर लावतात. शीर दुरुस्तच करता येणार नाही अशी असेल, तेव्हाच ती अडचण ऑपरेशनच्या आड येते. धमन्यांचं गणित वेगळं आणि अधिक कठीण असतं, म्हणून शीर आणि धमनी यांची गल्लत करू नका. कोणती वाहिनी लागली आहे ते नावानिशी विचारा.

या ऑपरेशनमध्ये अवघड टप्पा नेमका त्या छोट्या शिरांचा असतो. मानेच्या मागे एसएमव्हीच्या पुढच्या पृष्ठभागावर सहसा शाखा नसतात, म्हणून सर्जन तिथून हळूच बोगदा करतात. उजव्या बाजूला आणि मागे मात्र स्वादुपिंडाच्या त्या आखूड, पातळ शाखा असतात. एकीलाही ताण बसला तर मोठ्या शिरेच्या भिंतीतून ती उपटली जाते आणि रक्ताचा लोंढा येतो. असं काम वर्षभर सातत्याने करणाऱ्या केंद्रातच ते करून घ्यावं. जिथे अशी ऑपरेशनं जास्त होतात तिथे मृत्यूचं प्रमाण कमी असतं, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय बहुतेकांना माहीत असतं. राज्यातल्या इतर मोठ्या शहरांतही अशी पथकं आहेत. सर्जनला विचारायला संकोच करू नका: तुमच्याकडे अशी ऑपरेशनं नियमित होतात का? शीर कापायची वेळ आली तर जोडणार कोण, तुम्ही की रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

एक सूचना कावीळ झालेल्यांसाठी. डोक्यातल्या गाठीने पित्ताची वाट अडली की कावीळ होते, आणि घाईघाईने एंडोस्कोपीतून स्टेंट टाकला जातो. कावीळ फार वाढली असेल किंवा ताप-थंडी असेल तर तो तातडीने लागतोच. पण तेवढी निकड नसेल तर पॅन्क्रियाज प्रोटोकॉलचा सीटी स्टेंटच्या आधी करून घ्या. स्टेंट टाकल्यावर आजूबाजूला सूज येऊ शकते, कधी त्या प्रक्रियेनेच स्वादुपिंडाला दाह होतो, आणि मग गाठ शिरेला खरंच लागली आहे की ती नुसती सूज आहे हे चित्रात ओळखणं अवघड होऊन बसतं. दोन दिवसांचा क्रम चुकल्याने पुढचे निर्णय अडखळतात.

शीर कापून जोडलेली असेल तर घरी जाताना दोन गोष्टी लिहून घ्या. रक्त पातळ करणारं औषध द्यायचं आहे का, कोणतं आणि किती दिवस? जोड मोकळा आहे का हे पाहण्यासाठी पुढचा स्कॅन कधी? पोट अचानक फुगू लागलं, त्यात पाणी होऊ लागलं किंवा नवीन जोरदार दुखणं सुरू झालं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

पोटाबाहेरच्या शिरांवरही लक्ष ठेवायला हवं. स्वादुपिंडाचा कर्करोग संपूर्ण शरीरातलं रक्त गोठण्याकडे झुकवतो. आर्माँ ट्रूसो या फ्रेंच वैद्याने 1865 मध्येच कर्करोग आणि शिरांतल्या गुठळ्या यांचं नातं दाखवून दिलं होतं. एका पायाची पोटरी सुजली, दुखरी आणि गरम झाली, किंवा एकाएकी धाप लागून छातीत दुखू लागलं, तर ते थकव्याचं किंवा केमोचं म्हणून सोडू नका. पाय चोळू नका, शेकू नका. पायाच्या शिरांची डॉपलर त्याच दिवशी होऊ शकते, आणि धाप असेल तर सरळ आपत्कालीन विभागात जायचं.